स्वतःशीच बदली

सरकारी इस्पितळात भिंतीला चिकटवलेली सूचना आणि माणसाला चिकटलेलं नाव, दोन्ही नखानं खरवडूनही निघत नाहीत. या गृहस्थांना ‘चिठ्ठीसाहेब’ हे नाव अकरा वर्षांपूर्वी चिकटलं. कागदोपत्री ते क्लिनिकल फार्मासिस्ट. म्हणजे खिडकीत बसून गोळ्या मोजून देणारे नव्हेत. खाटेशी उभं राहून कुणाला कोणतं औषध, किती, कशाबरोबर चालतं आणि कशाबरोबर मुळीच चालत नाही, हे बघणारे. त्यांचे सासरे पाहुण्यांना याचा अर्थ थोडक्यात सांगत. “डॉक्टरांच्या कागदात नाक खुपसायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा.”

पण नाक खुपसायलाही रीत लागते. डॉक्टरला चारचौघांत चूक दाखवली तर चूक तशीच राहते आणि वर दुष्मनी होते, हे साहेबांना पहिल्या महिन्यातच उमगलं. मग त्यांनी चिठ्ठ्यांची युक्ती काढली. औषधांचे रिकामे खोके कापून पत्त्याएवढे तुकडे करायचे, मुंगीच्या अक्षरात लिहायचं, ‘किडनी अशक्त आहे. डोस निम्मा?’ आणि तुकडा पेशंटच्या केसपेपरला टाचणीनं लावून निघून जायचं. शेवटचं प्रश्नचिन्ह कधी चुकायचं नाही. तो त्यांचा नमस्कार होता. डॉक्टर यायचे, चिठ्ठी वाचायचे, इकडेतिकडे बघून खिशात टाकायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, “सिस्टर, मी विचार केला, याचा डोस निम्मा करू.” त्या वेळी चिठ्ठीसाहेब पलीकडच्या खाटेशी उभे असतील, तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कौतुकानं मान डोलवायचे.

पेशंट सुधारायचे, डॉक्टरांचं नाव व्हायचं. राहायचं ते एक रजिस्टर. त्यात तीन रकाने होते. दिलेला सल्ला, तारीख आणि सल्ला मान्य केल्याबद्दल डॉक्टरांची सही. आपल्याला कुणी सल्ला दिला हे सही करून कोण मान्य करणार? तिसरा रकाना अकरा वर्षं पांढराशुभ्र होता.

आता साहेब इथे अडकले कसे, ते ऐका. त्यांचं गाव इथून बसनं चार तासांवर. तिथे बायको शाळेत शिकवते, मुलगी नववीत आहे. साहेब शुक्रवारी संध्याकाळी जातात, रविवारी संध्याकाळी परततात. मुलगी पाच वर्षांची असताना तिनं मैत्रिणीला त्यांची ओळख ‘हे माझे शनिवारचे बाबा’ अशी करून दिली होती. तेव्हा सगळे हसले होते. साहेबही हसले, आणि मग बराच वेळ न्हाणीघरात तोंड धूत राहिले.

त्यांचं पद मुळात ‘प्रायोगिक तत्त्वावर, एक वर्षासाठी’ निघालं होतं. वर्ष संपलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे दर वर्षी मुदतवाढ मिळत गेली, आणि गंमत अशी की मुदतवाढीचा प्रस्ताव साहेबांनाच लिहावा लागे. न लिहिला तर पगार थांबणार. म्हणजे कैद्यानंच दर मार्चमध्ये आपल्या कोठडीची कडी नीट बसते की नाही ते तपासायचं आणि वर ‘सविनय सादर’ लिहायचं. बदलीसाठी त्यांनी सात अर्ज केले. सातव्या वेळी हेडक्लार्कनं त्यांना शेजारी बसवून चहा पाजला.

“साहेब, बदली समान पदावर होते. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि सगळ्या खात्यात हे पद एकच आहे.”

“तेच तर म्हणतोय.”

“मग तुमची बदली फक्त तुमच्याशीच होऊ शकते. तुमची संमती असेल तर उद्या ऑर्डर काढतो.”

साहेबांनी चहा संपवला आणि आपल्या खोलीवर गेले. खोली इस्पितळाच्याच आवारात होती. खिडकी उघडली की समोर धुलाईघराची भिंत, आणि भिंतीवर वाळणाऱ्या हिरव्या चादरी. अकरा वर्षांत त्यांना त्या चादरींवरची ठिगळंसुद्धा ओळखू येऊ लागली होती.

आणि मग यंदा वरून पत्र आलं. प्रायोगिक पदांचा आढावा घ्यायला समिती येणार. ज्या पदाचा उपयोग नाही ते रद्द होणार, आणि त्यावरचा माणूस आपल्या मूळ जागी, म्हणजे खिडकीतल्या फार्मासिस्टच्या पदावर परत जाणार. तसं पद साहेबांच्या गावच्या इस्पितळात आठ महिने रिकामं होतं.

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. मग कपाटातून रजिस्टर काढून तिसरा रकाना पानोपानी बघितला. जे पांढरेपण अकरा वर्षं त्यांच्या जिव्हारी लागत होतं, ते आता नव्या कोऱ्या धोतरासारखं दिसू लागलं. त्यांना काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. फक्त रजिस्टर पुढे करायचं होतं.

बायकोला फोन केला तर तिनं आधी पत्र पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, “तुमच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करते.”

“आधी निकाल तर लागू दे.”

“कप्प्यांतल्या चादरी माळ्यावर टाकते, त्यात काय. अहो, नुसते अर्जच करत बसू नका, या वेळी जरा गप्प बसून बघा.”

गप्प बसणं या माणसाचा हातखंडा. पण संकट भलतीकडूनच आलं. मेडिसिनच्या मॅडम स्वभावानं मोकळ्या. अकरा वर्षांतल्या निदान शंभर चिठ्ठ्या त्यांच्या खिशात गेलेल्या. समितीची बातमी कानावर येताच त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी साहेबांना जिन्यातच गाठलं.

“तुमचं पद जाणार म्हणतात. असं कसं होऊ देईन मी? ते रजिस्टर आणा. बसून सगळ्या सह्या करते.”

“नको मॅडम, मागच्या तारखांच्या सह्या नियमात बसत नाहीत.”

“बसवू की. माझ्यामुळेच तुमची पानं कोरी राहिली.”

“तुमचा हात दुखेल.”

“उजवा दुखला तर डावा आहे.”

साहेबांनी रजिस्टर बाइंडिंगला दिलंय अशी थाप मारली, आणि ते चार दिवस गादीखाली ठेवून त्यावर झोपले. चांगुलपणापासून इतकी धावपळ करून जीव वाचवावा लागेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

समितीच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून नऊ वाजताच सिस्टरांच्या खोलीत जाऊन बसले. समितीला वॉर्डही बघायचा होता, म्हणून बैठक वॉर्डाला लागून असलेल्या याच खोलीत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सकाळचा राउंड चुकवला. एका दिवसानं काय होतंय, असं मनाशी म्हणाले. ते वाक्य त्यांना नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

समितीत तिघं होते. दोघं अध्यक्षांच्या मताशी सहमत व्हायला आले होते. अध्यक्ष उंच, काटकुळे, घरून आणलेल्या बाटलीतूनच पाणी पिणारे. त्यांनी रजिस्टर उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर आणला.

“अकरा वर्षांत एकही सही नाही?”

“नाही साहेब,” चिठ्ठीसाहेब म्हणाले. पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलासारखा त्यांचा आवाज आला.

“म्हणजे तुमचा एकही सल्ला कुणी मानला नाही?”

“रजिस्टरप्रमाणे नाही.”

इस्पितळाचे अधीक्षक खुर्चीत चुळबुळले. त्यांच्याही खिशात चिठ्ठ्या गेल्या होत्या. अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याला लिहायला सांगितलं, “सदर पदाची उपयुक्तता आढळून येत नाही. सबब...”

आणि त्या ‘सबब’च्या पुढे भिंतीपलीकडून आवाज आला. ठक, ठक, ठक.

इतरांना तो आवाज आलाच नसेल. साहेबांना आला. पलीकडच्या खोलीत लोखंडी खलबत्त्यात सिस्टर दुपारी बारा वाजता द्यायच्या गोळ्या कुटत होत्या. ज्याला गिळता येत नाही त्याच्या नाकातून पोटात नळी घालतात आणि गोळ्या कुटून, पाण्यात कालवून त्या नळीतून देतात. पण काल संध्याकाळी वॉर्डात नळी एकाच पेशंटला होती, आणि त्याची सगळी औषधं पातळ. मग हे कुटणं कुणासाठी? आज सकाळी कुणाला तरी नवी नळी पडली होती, आणि ते बघायला साहेब राउंडला नव्हते.

साधी गोळी सहा-सात ठोक्यांत पीठ होते. साहेबांनी मनात मोजायला सुरुवात केली. सात झाले. दहा. चौदा. गोळी दाद देत नव्हती. एवढी चिवट असते ती दिवसभर दमानं विरघळायला केलेली. आणि ती गोळी वॉर्डात एकाच माणसाला चालू होती. खाट नऊ, निवृत्त पोस्टमन, लकव्यानं डावी बाजू गेलेली, रक्तदाबाची एक गोळी रोज सबंध गिळायची. तीच कुटून नळीत गेली, तर चोवीस तासांचं औषध अर्ध्या तासात अंगात जाणार, आणि रक्तदाब असा खाली घसरणार की वर आणताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतील.

अठरा. एकोणीस.

साहेबांचा हात सवयीनं खिशात गेला. खोक्याचा तुकडा होता. त्यांनी टेबलाखाली मांडीवर ठेवून लिहिलं, ‘खाट ९. गोळी कुटू नये?’ पण ती न्यायची कुणी? शिपाई समितीच्या चहासाठी गेला होता. क्षणभर त्यांना ते दोन रिकामे कप्पे दिसले. अगदी स्वच्छ, खाली कागद अंथरलेले.

ठोके थांबले. आता पाणी घालणार.

“साहेब, एक मिनिट,” असं म्हणून ते उठले.

“अहो बसा, तुमचंच चाललंय,” अध्यक्ष म्हणाले. पण तोवर साहेब दाराबाहेर होते.

सिस्टर पिचकारी घेऊन नऊ नंबरच्या उशाशी पोचल्या होत्या. पिचकारीत दुधासारखं पांढरं पाणी.

“थांबा सिस्टर. ते देऊ नका.”

“का? ऑर्डर आहे. ‘सर्व गोळ्या नळीतून,’ मॅडमनी सकाळीच लिहिलंय.”

“सर्वमध्ये ही बसत नाही. ही दिवसभर हळूहळू झिरपते. कुटली की सगळी एकदम लागू होते.”

“गोळी कुटली काय आणि गिळली काय, पोटात जाऊन पीठच होणार ना?”

“ही उद्या सकाळपर्यंत पीठ होत राहते. तुम्ही वीस ठोक्यांत केलीत.”

सिस्टरांनी पिचकारीकडे बघितलं. “तरीच म्हटलं, मनगट का दुखतंय.”

पोस्टमन वाकड्या तोंडानं हसले. त्यांना बोलता येत नव्हतं, पण आपल्यावरून कुणीतरी भांडतंय याचा त्यांना आनंद झालेला दिसला.

साहेब वळले तर दारात अध्यक्ष उभे. मागे अधीक्षक, आणि त्यांच्याही मागे धावत आलेल्या मेडिसिनच्या मॅडम. अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, हे म्हणतात ते खरं?”

मॅडमनी पिचकारी घेतली, उजेडाकडे धरली आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिली. “खरं आहे. नळी घालायची घाई होती. माझ्या डोक्यातच आलं नाही.” मग आवाज चढवून म्हणाल्या, “आज पहिल्यांदा नाही आलेलं. दर आठवड्याला काही ना काही येत नाही, आणि दर वेळी हे चिठ्ठी लावून जातात. ते रजिस्टर कुठाय?”

रजिस्टर सिस्टरांच्या खोलीतल्या टेबलावर उघडंच होतं. बाइंडिंगला वगैरे गेलेलं नव्हतं. मॅडमनी आजची नोंद स्वतःच्या हातानं लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात अशी ठसठशीत सही ठोकली की शेजारचे दोन रकाने व्यापले. मग अधीक्षकांनाही कंठ फुटला. “मलाही बऱ्याच चिठ्ठ्या आल्या होत्या,” ते म्हणाले.

अध्यक्ष सज्जन होते, हेच साहेबांचं दुर्दैव. त्यांनी लिहिलेलं पान फाडलं, नवं घेतलं आणि या वेळी स्वतः लिहिलं. पद अत्यावश्यक. पद कायम करावं. सध्याच्या कर्मचाऱ्याचा अनुभव पाहता त्याला याच जागी ठेवावं. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली आणि साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. “तुमच्यासारख्या माणसाला इथून हलू द्यायचं नाही.”

“आभारी आहे,” साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हेडक्लार्क खास अभिनंदनाला आला. “सुटलात साहेब. आता दर मार्चला मुदतवाढीचा प्रस्ताव लिहायला नको.”

दुपारी साहेबांनी राउंड पूर्ण केला. नऊ नंबरला पातळ औषध सुरू झालं होतं, रक्तदाब जागेवर होता. त्यांनी सगळ्या खाटा बघितल्या, जरा जास्तच वेळ घेऊन बघितल्या. साडेचारला खोलीवर येऊन खिडकीशी बसले. समोर हिरव्या चादरी वाळत होत्या. मग बायकोला फोन लावला.

“मी कायम झालो,” ते म्हणाले.

“कळलं.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? बातमी मनासारखी असती तर तुम्ही बाराला फोन केला असता. चार वाजेपर्यंत वाट बघितली आणि माळ्यावरच्या चादरी खाली काढल्या.” मग तिनं विचारलं, “कुणाला काय चुकीचं देत होते?”

साहेबांनी गोळीचं सांगितलं. ठोक्यांचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“बरा आहे का आता तो माणूस?”

“बरा आहे. हसतोय.”

“मग ठीक आहे.” पलीकडे कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. “एकाच कप्प्यात चादरी घातल्यात. दुसरा ठेवलाय तुमच्यासाठी. शनिवार-रविवारला एक पुरतो.”