इनासकाकांनी क्रेन सुरू केली

बुधवारी दुपारी कुडाळहून परतताना दादा अपघातात गेला.

आम्ही भावंडं कारखान्यांतले मोटार-ड्राइव्ह दुरुस्त करायचो. ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारी पेटी. अलार्म आला की दादा हाताने चाचपत जायचा, मी मॅन्युअल उघडायचे. प्रत्येक अलार्मला कारण असतं, हा माझा विश्वास आजही आहे. पुढे सांगतेय तसले गूढ अनुभव मी केवळ करमणूक म्हणून वाचत आले... म्हणून हे लिहायला इतके महिने गेले.

तेरावं झालं आणि मी पहिल्यांदाच एकटी कामावर गेले – मालवण बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात. कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह सकाळपासून चारदा बंद पडला होता. अलार्म एकच : अर्थ फॉल्ट. वीज कुठेतरी जमिनीत निसटत होती. ड्राइव्ह तपासला, मोटार तपासली, केबल सोडवून मेगर, म्हणजे वीजगळती दाखवणारं मीटर, लावला. सगळं ठीक! जोडून काम सुरू केलं की पुन्हा अलार्म.

मालक म्हणाले, "बाय, पुस्तकात फॉल्ट गावाचो नाय गो. सकाळी होडयेवाले बर्फाक येतले. कोल्हापूरच्या माणसाक बोलवतंय. ह्या काम तुका एकटीक जमाचा नाय."

हे काम गेलं असतं, तर बाकीच्या कारखान्यांनीही मला बोलावलं नसतं.

मी पुन्हा मेगर लावला. आमचं मीटर लागलं की कारखाना थांबवायचा, हा दादाचाच नियम. बर्फाचे साचे उचलणाऱ्या क्रेनवरचे इनासकाका तो इतका पाळायचे, की मालकांनी सांगितलं तरी क्रेन हलवत नसत.

आणि क्रेन सुरू झाली.

"चलयतंय रे, चलयतंय! बोंब मारू नको!" काका वरून ओरडले.

मी चिडून हाक मारणार, तोच क्रेन केबलच्या खांबावरून गेली आणि मेगरचा काटा शून्यावर आला. क्रेन पुढे सरकली, काटा परत वर!

"काका, परत आणा!"

परत शून्य. खांबाला लावलेल्या पत्र्याच्या कडेवर केबल घासून उघडी पडली होती. खांब हादरला की ती पत्र्याला टेकायची. क्रेन थांबवून तपासताना ते कधीच दिसलं नसतं.

केबल बदलली. पहाटेपर्यंत अलार्म नाही. बर्फाच्या लाद्या खडखडत घसरू लागल्या तेव्हा मी मोठ्याने हसले. मालकांनी माझ्यासमोर फोन लावला, "येव नको रे, आमच्या बायन गावयलो फॉल्ट!"

मग मी काकांना विचारलं, क्रेन कोणी चालवायला सांगितली?

"तुझ्या भावान गो. खालसून वराडलो, क्रेन चालव, मगे बघ..." ते थांबले. दादाला त्यांनीच खांदा दिला होता. त्यांनी छातीवर क्रूस काढला.

मी खालीच होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. काकांच्याच मनात ते आलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. काका शपथेवर नाही म्हणतात.

कारण मला सापडलेलं नाही. त्या कारखान्याचं काम आता मी एकटी बघते.