टोपलीचा खेळ आणि बाबांचा प्रश्न

आमच्या केनवडजवळच्या मालेगावला नागपूरची मोटार उभी होती. बाबांनी माझी पेटी टपावर चढवली आणि म्हणाले, "दोन वर्सं शीक, मास्तरीण हो अन् केनवडले परत ये." माय माझ्या उंचीकडे बघत पुटपुटली, "आता आनखी वाढू नको व." वाटेवरचं मेडशी गाव मागे पडेपर्यंत मी रडत होते. नागपूरला उतरले तेव्हा मात्र कडकडून भूक लागली होती!

कॉलेजच्या मैदानात खांबावर लोखंडी कडी लावलेली पाहिली. गावात माझी उंची म्हणजे लग्नातली अडचण. इथं खेळाच्या बाई मला बघून ओरडल्याच, "अगं, तुझीच तर वाट बघत होतो!" त्या दिवसापासून बास्केटबॉलनं मला झपाटलं. शिक्षण संपलं आणि एका कापड गिरणीनं आपल्या संघासाठी मला नोकरीवर घेतलं. खेळायचा पगार मिळतो, हे केनवडला कुणालाच खरं वाटेना. मास्तरीण व्हायचं सोडून मी टोपलीत चेंडू टाकते म्हणून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सुट्टीत गेले की माझ्यासमोरच मायला म्हणायचे, "तिले इचार, जेवली काय."

मी जबलपूरला खेळले, हैदराबादला खेळले, कलकत्त्याला तर चषक उचलला. मग एका सामन्यात उडी मारून खाली आले ती गुडघा मोडूनच. गिरणीनं मला कचेरीत बसवलं. खिडकीतून मैदान दिसायचं, म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली.

अशात रेडिओवाल्यांचं बोलावणं आलं. मुलींच्या अंतिम सामन्याचं वर्णन मराठीतून करायला त्यांना खेळ जाणणारी बाई हवी होती. मी घोटून घोटून शुद्ध वाक्यं तयार केली. पण शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे झाले, नागपूरच्या पोरीनं चेंडू पळवला, आणि मी माईकवर किंचाळले, "पाहा, पाहा! कशी पयून राह्यली पोरगी! मार, बाई, मार!" टोपली झाली! शेजारी बसलेल्या रेडिओच्या साहेबांनी कपाळाला हात लावला, आणि मग तेच टाळ्या वाजवू लागले.

पुढं गावी गेले तर ओसरीवर ही गर्दी. पंचायतीच्या रेडिओवर सगळ्यांनी सामना ऐकला होता. बाबा भिंतीला टेकून बसलेले. एकाएकी म्हणाले, "वच्छे, पोरीनं चेंडू तं एकदाच टाकला. मंग गुण दोन काहून?"

इतक्या वर्षांनी ते माझ्याशी बोलत होते. मी सवयीनं मायकडे बघितलं. मायनं कोपरानं ढोसलं, "सांग न व, इचारून राह्यले तं!" मी अंगणात उतरले आणि दुखरा गुडघा विसरून सगळा खेळ करून दाखवला. बाबांचे प्रश्न संपेनात. भाकरी गार झाल्या.

आता माझा संसार नागपुरात आहे. केनवडला मी दोन दिवसांची पाहुणी. पण अजूनही रेडिओवर सामना सांगायला बसले की मी आधी क्षणभर डोळे मिटते. गावात राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे पोटासाठी दूर गेलेले तुम्ही, सगळे रेडिओजवळ सरकून बसलात असं धरते आणि बोलू लागते. तेवढा वेळ मी घरी असते.