आप्पांचा तात्पुरता मांडव

माझ्या भाषणाने आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. अपवाद फक्त आमच्या घराचा.

त्याचं झालं असं, अंदाजपत्रकाआधी आमच्या मांडवीत नागरिकांची सभा भरली. घरपट्टी कशी लावावी, पैसा कुठे खर्चावा, हे म्हणे लोकांनीच सांगायचं. सांगायचं म्हटल्यावर मी मागे राहतो होय? शेजारच्या शांताकाकूंच्या स्वयंपाकघरात दर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी शिरतं. बाई एकटी, पाटावर उभी राहून भाकऱ्या भाजते! मी उठलो नि ठणकावलं, "आमच्या गल्लीला पक्कं गटार ह्याच वर्षी पाहिजे!"

"देऊ की," नगरपालिकेचे साहेब म्हणाले. "पण पैसा कुठला? कितीतरी वाढीव बांधकामं पट्टीत आलेलीच नाहीत."

"मग मोजा ना!" मी गरजलो. "सुरुवात माझ्या घरापासून करा!"

टाळ्यांचा कडकडाट! काकूंनी तर पदराने डोळे पुसले. बायको तेवढी माझा शर्ट खाली खेचत होती.

"अहो, बसा खाली! आपला मांडव!"

"मांडव तात्पुरता असतो गं," मी ऐटीत म्हणालो.

(आता खरं सांगतो. अंगणातला मांडव पाऊस सरला की घालायचा आणि पुढच्या पावसाआधी उतरवायचा, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, गुडघे कुरकुरायला लागले तसे त्यांनी लाकडी खांब काढून लोखंडी पाइप रोवले, वर पत्रे ठोकले. तेव्हापासून उतरवण्याचा विषय कुणी काढलेला नाही.)

मोजणीच्या दिवशी मी आप्पांना सकाळीच मासळी आणायला पिटाळलं. माणूस सरळ, भलतंच बोलून जायचा! साहेब टेप घेऊन आले, मागोमाग अख्खी गल्ली. साहेबांनी मांडवाकडे पाहिलं.

"हा दरवर्षी उतरवता ना?"

"तर! रीतच आहे," मी म्हणालो.

"मग सोडून देऊ. तात्पुरताच दिसतोय."

"तात्पुरता?" फाटकातून आवाज आला. बांगडा महाग म्हणून आप्पा रिकामी पिशवी घेऊन परत आले होते! "कोण म्हणतो तात्पुरता?"

"आप्पा, तुम्ही आत जाऊन चहा..."

"तू गप रे! साहेब, हा खांब हलवून दाखवा बघू!"

साहेबांनी हलवला. कसला हलतोय!

"जांभा दगड फोडून पुरलाय! वादळात गल्लीतली कौलं उडाली, पण ह्याचा एक पत्रा वाजला नाय!"

मी डोळ्यांनी खुणा करत होतो. आप्पा म्हणाले, "तुझ्या डोळ्यात काय गेलं रे? आणि साहेबांना मागची नवी न्हाणी दाखवलीस? नाही? वरचा माळा? अरे मेल्या, मग दाखवलंस तरी काय?"

आप्पा पुढे, साहेब टेप घेऊन मागे. बायकोने कपाळावर हात मारला आणि कोकम सरबत करायला आत गेली.

एवढ्यावर थांबतं तर ती आमची गल्ली कसली! समोरच्या भाऊंना ते कौतुक सहन होईना. "मांडवाचं काय घेऊन बसलात! आमच्या गच्चीवरची खोली बघा, लादी बसवलेय!" मग पलीकडचे म्हणाले, आमची शेड बघा. कोकणातला माणूस एक वेळ पट्टी भरेल, पण शेजाऱ्याची शेड मोठी ठरू देणार नाही! संध्याकाळपर्यंत लोक साहेबांचा हात धरून घरात ओढत होते. "आमच्याकडे आलाच नाहीत, साहेब!"

सगळ्यांची पट्टी वाढली. आणि खरंच, त्याच वर्षी गटारही झालं! यंदाच्या पावसात काकूंच्या स्वयंपाकघरात थेंब शिरला नाही. मला तर भरून आलं. काकू गरम घावणे घेऊन आल्या, मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तुला नाय रे, आप्पांना आणलेत."

आता गल्लीच्या वळणावर दिवा हवाय आणि सभा पुन्हा भरणार आहे. मी जोरदार भाषण तयार केलं. तर भाऊ घरी येऊन म्हणाले, "सुधीर, तू नको बोलूस. तू बोललास की नुसत्या टाळ्या पडतात. आप्पा बोलले की तिजोरीत भर पडते!"

तेव्हा सभेला मी जाणार आहे. आप्पांची छत्री धरायला कुणीतरी हवंच ना!