अंकाराची लहर आणि शिलानचं लग्न

सोनं कमी पडलं म्हणून खुनावनं मुलीचं लग्न मोडलं, अशी बातमी आमच्या सीमेवरच्या झाखो गावात घरोघर फिरली. साफ खोटी. सोन्याचा विषयच निघाला नव्हता, आणि लग्न मोडलं नव्हतं, अडलं होतं. तेही अंकारामुळे, म्हणजे सीमेपलीकडच्या सरकारमुळे.

खुनाव माझी भिंतीपलीकडची शेजारीण. नवरा गेल्यापासून सीमेवर रांगेत ताटकळणाऱ्या ट्रकवाल्यांना द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेला डोलमा विकते. तिच्या शिलानचा जीव जडला सीमेपलीकडच्या सिलोपीतल्या रोहातवर. पोरगा गुणाचा. बाप हाजी तहसीन मात्र तिथला सरकारी कंत्राटदार. अंकाराला जे वाटेल तेच त्याला वाटणार.

पूर्वी अंकाराच्या लेखी आम्ही म्हणजे डोंगरातली कटकट. तेव्हा हाजी म्हणाला, "त्या लोकांशी सोयरीक? नको रे बाबा." मग आमचं तेल नळीनं त्यांच्या मुलखातून समुद्राकडे निघालं आणि आम्ही एकदम भाऊ झालो. हाजी मिठाई घेऊन दारात हजर. आमच्याकडे मागणी घालायला आलेला पाहुणा 'मुलगी दिली' हे शब्द ऐकल्याशिवाय चहाला हात लावत नाही. खुनावनं शब्द दिला, पेले रिकामे झाले, मेहंदीचा दिवसही ठरला.

तेवढ्यात आम्ही वेगळ्या देशासाठी मतं टाकली. अंकारा खवळलं: सीमेचं फाटक बंद करू, नळी बंद करू. हाजीचा फोन आला, "विहीणबाई, जरा हवा निवळू द्या."

तेल मात्र वाहतच राहिलं. "तेल जातं, मग माझी पोर का नाही जात?" खुनाव भिंतीवरून मला विचारायची.

"टँकरमध्ये बसवून दे," मी म्हटलं. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.

हवा निवळायला वर्षं लागली. शिलाननं आलेली सगळी स्थळं परतवली. परवा अंकाराला पुन्हा भाऊ आठवले, आणि हाजी पुन्हा दारात, मिठाई त्याच दुकानची.

"विहीणबाई, आपण एका रक्ताची माणसं."

"हाजी, हे रक्त कधीपर्यंत टिकेल?" खुनावशेजारी बसून मी विचारलं. तो कसनुसा हसला. चहा समोर तसाच. दाराआडून शिलान आईच्या तोंडाकडे बघत होती. खुनावनं उठून कोपऱ्यात चालू असलेला टीव्ही बंद केला.

"मुलगी दिली," ती म्हणाली. "चहा प्या, आणि संध्याकाळच्या बातम्या लागायच्या आत तिला घेऊन जा."