कॅमेऱ्याची कानटोपी

वीणावहिनींचा फोन आला तेव्हा मी बॉटनी डाउन्समधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे आपल्या भाषेत किराणा दुकानात, पायात जॅण्डल्स, इथल्या रबरी सपाता, आणि हातात दुधाची बाटली घेऊन उभा होतो. "भाऊजी, मुकुंद गेला. सकाळी उठलाच नाही..." एवढंच त्या म्हणाल्या. मुकुंदने काही गुपचूप केलं यावर माझा विश्वासच बसेना. हा माणूस हेन्डरसनमध्ये आपल्या घरी शिंकला तर शहराच्या पार दुसऱ्या भागात, ओटाहुहुच्या स्टेशनवर लोक गाडीचा भोंगा समजून दचकून घड्याळ बघायचे. तो असा, कुणाची झोपही न मोडता गेला.

त्याला आता काही आठवडे झाले. इथली थंडी सुरू झाली आहे, आणि थंडी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे मुकुंद येतो तो क्वीन्सटाउन विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला नाक लावूनच. आम्ही दोघं पुण्याचे जुने मित्र, नोकरीसाठी या देशात आलेले. तो पाण्याच्या पाइपांचा इंजिनिअर, मी कॉम्प्युटरवाला. हिवाळ्यात लोक तिथे बर्फावरून घसरायला जातात, आम्ही विमानांचे फोटो काढायला जायचो. खरं तर तो काढायचा, मी थर्मास धरायचो. तिथली धावपट्टी म्हणजे डोंगरांच्या मधे कुणीतरी पायपुसणं टाकून विसरून गेल्यासारखी. विमान दरीतून वळसे घेत, पंखाने डोंगराची पाठ खाजवत येतं आणि त्या पायपुसण्यावर बरोब्बर पाय पुसतं. थंडी अशी की एकदा मी ओतलेला चहा कपात पोचेपर्यंत त्याची कुल्फी झाली होती. वहिनी म्हणतात, तो नुसता कोमट झाला असेल. वहिनी तिथे नव्हत्या.

मुकुंदचा एक नियम होता. मोटेलात आम्ही हीटरला चिकटून झोपायचो, पण कॅमेरा रात्रभर बाहेर, गाडीत. वहिनींनी त्याच्या डोक्यासाठी विणलेली लाल कानटोपी तो कॅमेऱ्याला घालायचा आणि स्वतः उघड्या कानांनी हिंडायचा. पहिल्या वर्षी मी दया येऊन कॅमेरा खोलीत आणायला निघालो, तर हा गादीवरून उडी मारून दारात आडवा. "अरे गाढवा, थंड काच उबेला आणलीस की तिला घाम फुटतो. मग विमान टिपशील का धुकं? गारठू दे तिला." हे प्रवचन कुंपणापाशी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. कुत्रं फिरवणारी एक आजी लांबूनच "किया ओरा", म्हणजे इथला रामराम, म्हणून रस्ता बदलायची.

आणि मग गेल्या हिवाळ्यातला तो दिवस. मुकुंदची मुलगी इरा वैमानिक झाली होती आणि पहिल्यांदाच क्वीन्सटाउनला विमान उतरवणार होती. पंख्याचं विमान, शेजारी मोठे कॅप्टन, पण उतरवणार ती. मुकुंदने आयुष्यात काढलेले सगळे फोटो या एका फोटोची तालीम होते. "पंखा फिरताना दिसला पाहिजे," तो दर पाच मिनिटांनी मला बजावत होता, जणू पंखा मीच फिरवणार होतो. "नाहीतर विमान खिळ्याला टांगल्यासारखं दिसतं." इराने आदल्या दिवशीच फोनवर दम दिला होता, "बाबा, प्लीज, कुंपणावर चढायचं नाही. आय विल सी यू."

सकाळी डोंगर स्वच्छ होते. विमानाची वेळ झाली आणि ढग असा खाली आला की मला माझाच थर्मास दिसेना. आवाज आला. जवळ आला, आमच्या डोक्यावर आला... आणि वर निघून गेला. तिथे हे नेहमीचं. धावपट्टी दिसली नाही तर विमान पुन्हा वर उचलतात, आणि दुसऱ्यांदाही जमलं नाही तर सरळ दुसऱ्या गावी नेतात. हे मुकुंदनेच मला शंभरदा समजावलं होतं. पण त्या दिवशी तो नुसता आवाजामागे मान फिरवत राहिला. वर ढगात विमान घरघरत होतं, इकडे याचे ओठ निळे. मी म्हटलं, "मुक्या, परत गेली तरी पोरगी सुखरूप आहे ना?" तो म्हणाला, "तिला उतरू दे रे. फोटो गेला खड्ड्यात."

तेवढ्यात ढगाला भोक पडलं. दोन दिवे दिसले, मग नाक, मग भिरभिरणारे दोन्ही पंखे. मुकुंदने जॅकेटची चेन खाली ओढली आणि आतून कॅमेरा काढला. आतून. दुनियेला गारठ्याचं प्रवचन देणारा हा माणूस त्या घालमेलीत कॅमेरा छातीशी धरून, बनियनच्या उबेत घेऊन उभा होता, आणि त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. त्याने डोळा लावला, बटण दाबत सुटला. विमान आमच्यासमोर पिसासारखं टेकलं. मी असा नाचलो की क्वीन्सटाउनला भूकंपाची अफवा उठली असणार. आणि मुकुंद कुंपणावर चढला.

फोटोत पांढरं धुकं आणि दोन पिवळे डाग, बाकी काही नाही. संध्याकाळी इराने ते बघितलं आणि म्हणाली, "बाबा, यू हॅड वन जॉब." मग दोघं इतके हसले की मोटेलवाला बघायला आला. मुकुंदने बाकीचे झकास फोटो खोक्यात कोंबले आणि दोन डागांची भली मोठी फ्रेम दिवाणखान्यात लावली. पाहुण्याने विचारलं की सांगायचा, "ही आमची इरा."

गेल्या रविवारी हेन्डरसनला वहिनींकडे गेलो. ती फ्रेम जागेवर होती. कॅमेरा गॅरेजमध्ये, खिळ्याला, लाल कानटोपी घालून. मी तो घरात आणायला लागलो तशा वहिनी म्हणाल्या, "आत नको, भाऊजी. काचेला घाम फुटतो." मग कॅमेऱ्याची टोपी सारखी करत म्हणाल्या, "इराची पुढच्या आठवड्यात क्वीन्सटाउनची ड्यूटी आहे. कुंपणापाशी कुणीतरी असायला हवं."

बॉटनी डाउन्सपर्यंत गाडी चारही खिडक्या उघड्या टाकून आणली. नाक गळत होतं, कानांचे दगड झाले होते, आणि शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, कानटोपी घातलेला कॅमेरा मजेत गारठत बसला होता.