तेवीस पुस्तकांचा क्रम

लग्न होऊन मी बदलापूरला आले तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. घरात नवऱ्याची तेरा वर्षांची मुलगी होती. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. विहारात साधेपणाने लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी मी यादी केली: गळका नळ, बिनझाकणाचे डबे, मुदत संपलेली औषधं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायची. वस्तू क्रमाने लागली की निम्मं काम झालं, हे तिथे अंगात मुरलेलं.

मुलगी वाईट वागत नव्हती. पण मी खोलीत गेले की ती गॅलरीत जायची, मी गॅलरीत गेले की खोलीत. ही पोर कधीतरी माझ्याजवळ बसेल का, एवढंच मला हवं होतं, आणि ते यादीत लिहून होणारं काम नव्हतं.

तिच्या पलंगाखाली जुन्या इंग्रजी कॉमिक्सचा गठ्ठा होता. तेवीस पुस्तकं, सगळ्यांत एकच खलनायक. तो भविष्यातून यायचा, काळात मागेपुढे फिरायचा, दर वेळी वेगळाच कोणी होऊन. कुठे राजवैद्य, कुठे चाच्यांचा कप्तान, कुठे शाळेचा हेडमास्तर. पण गठ्ठ्यात पहिल्याच पुस्तकात तो म्हातारा, आठव्यात लहान, तेराव्यात मेलेला आणि चौदाव्यात परत हजर. मला ते बघवेना.

एका रविवारी ती क्लासला गेल्यावर मी सगळी वाचून काढली. वहीत त्याची नावं, वेश, वयं टिपली, जन्मापासून मरणापर्यंत पुस्तकं लावली आणि प्रत्येकावर पेन्सिलने आकडा टाकला. खूश होईल, असं वाटलं होतं.

ती आली, गठ्ठा पाहिला आणि खालीच बसली.

"हे कोणी केलं?"

"मी. आता सरळ वाचता येईल बघ. आधी त्याचं लहानपण, मग..."

"तो कधी लहान होता ते माहितेय मला. मम्मीने आणली तशी लावली होती मी."

आई दर महिन्याला शिलाईचं सामान आणायला उल्हासनगरला जायची आणि येताना रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. वेश कुठलाही असो, डाव्या भुवईवरच्या व्रणावरून ती त्याला ओळखायची. मुलगी वाचून दाखवायची, आई चित्रं बघायची.

मी खोडरबर घेऊन आकडे पुसू लागले. चार पुसल्यावर कळलं, आकडे गेले तरी क्रम काही परत येणार नाही.

"तुला आठवतो क्रम?"

"मग काय."

"सांग. मी लिहिते."

ती गठ्ठ्याजवळ सरकली. मग तिने चाच्यांचं पुस्तक ओढलं. "हे पहिलं. मला कांजिण्या आलेल्या तेव्हाचं."

मी लिहिलं: एक, चाचे, कांजिण्या.

"हे पाचवं. रद्दीवाला सिंधी, मम्मीला अदी म्हणायचा, म्हणजे ताई. तो म्हणाला, 'अदी, ये आदमी हर किताब में मरता है, फिर भी आप इसी को ले जाती हो.' तर मम्मी म्हणते, 'मरता किधर है? अगले महिने फिर आएगा.'"

नववं आईच्या पहिल्या आजारपणातलं. "पप्पांना पाठवलेलं. भुवई नीट समजावून सांगितली, तरी दुसऱ्याच कुणाला घेऊन आले. मम्मीने परत पाठवलं, बदलून आणा म्हणून."

"आणलं?"

"आणलं. उन्हातून. चिडले होते जाम."

मला हसू फुटलं. तीही हसली, मग वहीत डोकावून म्हणाली, "'उन्हातून' पण लिहा."

तेविसावं ती हातात धरून बसली. आईने ते आणलं आणि चार दिवसांत ती दवाखान्यात गेली. मुलीने ते उघडलंच नव्हतं.

"तुम्ही हेही वाचलं?"

"वाचलं," मी म्हणाले. खोटं बोलता आलं नाही.

"मरतो का यात?"

"सांगू?"

तिने विचार केला. "नको. बसा इथे. मी वाचते. पुढचं सांगायचं नाही."

मी पलंगावर तिच्याशेजारी बसले. ती वाचत होती, आणि पान उलटण्याआधी माझी चित्रं बघून होईपर्यंत थांबत होती.