सेल आज संपतोय

"ताई, सेल आज संपतोय. लवकर या. दुकान बी उघडंना."

मालनकाकूंचा फोन आला तेव्हा मी एका प्रिंटरच्या पोटातून चुरगळलेला कागद ओढून काढत होते. भोरला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते उघडंच होतं आणि मी त्यात बसले होते. तसं मी काकूंना सांगितलंही. मग काकू म्हणाल्या, "तुमचं न्हाई वो. तुमी या फकस्त."

काकू वेल्ह्याला राहतात. त्यांचे यजमान आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. त्यांची मुलगी ज्योती पुण्यात नोकरी करते. तिचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर तिने आई-वडिलांकडे नेऊन ठेवला. नवीन विंडोज त्याला पेलवेना, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी प्रणाली. ती फुकट आहे आणि म्हाताऱ्या मशीनला हलकी जाते.

तेव्हाच मी काकूंना बजावलं होतं, की आत नाण्याएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना त्यातलं घड्याळ या सेलवर चालतं. कधीतरी तो संपेल, तसं वाटलं की फोन करा. त्यामुळे काकूंचा फोन मला अगदी रास्त वाटला. गिऱ्हाईक आपलं ऐकतं याचा आनंदच झाला. सेल नेमका आज संपणार हे त्यांना आधीच कसं कळलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी नवा सेल पर्समध्ये टाकला, दुकानाला कुलूप लावलं आणि वेल्ह्याची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. खिडकीची जागा मिळाल्यामुळे मी खुशीत होते.

दारातच काकूंनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि आत पिटाळलं. आण्णा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले होते. उंच, ताठ बसणारा माणूस. मला बघून म्हणाले, "तुमाला उगं तरास दिला. एवडं काय न्हाई."

"सेल आणलाय," मी म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

आण्णांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे.

"तुमी सेल आनलाय?" काकू म्हणाल्या. "त्यो हितं आनतात व्हय? त्यो तर दुकानात लागलाय."

मग सगळं उलगडलं. इंटरनेटवर गेम विकणारी दुकानं असतात. वर्षातून काही वेळा तिथे सेल लागतो, म्हणजे सवलतीचा सेल, आपल्याकडे दिवाळीत साड्यांचा लागतो तसा. आण्णांना एक गेम हवा होता. तो चौथाई किमतीला मिळत होता आणि ही सवलत आज संपणार होती. आणि नेमकं आजच ते दुकान कॉम्प्युटरवर उघडत नव्हतं. मी हातातल्या त्या चकचकीत गोल सेलकडे बघितलं आणि मला इतकं हसू आलं, की खाली बसावं लागलं. काकूही हसल्या. आण्णा मात्र हसले नाहीत. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "पोराठोरांचं काम हाय ते," आणि उठून अंगणात गेले.

काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. गेम कसला, तर बस चालवायचा. रिटायर झाल्यावर आण्णा पुतण्याचा टेम्पो चालवायचे. मग एका डोळ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. तेव्हापासून माणूस घरात बसून होता. स्टँडवर सगळे जुने दोस्त असतात, पण तिकडे फिरकत नव्हता. टीव्हीसमोर बसल्या जागी उजवा पाय आपला हलायचा, ब्रेक दाबल्यासारखा. ज्योतीने या गेमचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कान टवकारले. पण पूर्ण भावात घेतला तर आपण खुळावलो असं लोक म्हणतील, म्हणून सेलची वाट बघत बसले होते.

"आज सेल गेला तर परत नाव काढायचे न्हाईत," काकू म्हणाल्या. "मी वळकते त्यास्नी."

हसणं बाजूला ठेवून मी कॉम्प्युटरसमोर बसले.

दुकान उघडलं, तर पडद्यावर नुसतं 'कनेक्शन नाही'. पण इंटरनेट तर होतं, माझ्यासमोर काकूंच्या मोबाईलवर कुणाच्या तरी बारशाचे फोटो येत होते. दुसरी एकदोन संकेतस्थळं उघडली. तीही दार लावून बसलेली. मग माझी नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. कॉम्प्युटर काही वर्षं मागे जाऊन बसला होता.

याचा अर्थ सोपा आहे. इंटरनेटवरचं प्रत्येक दुकान आपल्या कॉम्प्युटरला ओळखपत्र दाखवतं. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल, ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला वाटत असेल की अजून जुनंच साल चालू आहे, तर त्याच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून तयारच झालेलं नाही. मग तो म्हणतो, हा माणूस खोटा आहे, आत घेऊ नका. दुकान बिचारं बाहेर उभं राहतं.

आणि तारीख मागे का गेली? आदल्या संध्याकाळी वीज कडाडली होती. काकूंनी घरातल्या सगळ्या पिना उपसल्या होत्या. मशीनचा वीजपुरवठा तुटला आणि घड्याळ सांभाळायला आतला सेल उरला. तो पार मेलेला होता.

"काकू," मी म्हणाले, "सेल संपलाय."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "संपला? त्यो तर रातीपर्यंत हाय म्हनली ज्योती."

"तो नाही. हा." मी पर्समधला सेल वर धरला.

या धंद्यात असं क्वचित घडतं, की चुकून आणलेली वस्तू तीच हवी असते. मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुना सेल काढला, नवा बसवला, मशीन चालू केलं. पण एक गोष्ट मला छळत होती. लिनक्सला इंटरनेट मिळालं, की कॉम्प्युटर घड्याळ आपणहून लावून घेतो. सेल मेला तरी एवढं अडायला नको होतं. सेटिंगमध्ये जाऊन बघते, तर ती सोय कुणीतरी बंद केलेली.

"कुणी केलं हे?"

"म्याच सांगितलं ज्योतीला," काकू म्हणाल्या, अजिबात न कचरता. "त्ये घड्याळ मागं पडत हुतं."

मी भिंतीवर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या पुढे होतं. कपाटावरचं गजराचंही पुढे होतं. आण्णांची पहिली गाडी चुकू नये म्हणून लग्नानंतर काकूंनी घरातली सगळी घड्याळं पुढे करून ठेवली होती. नोकरी संपली, घड्याळं तशीच राहिली. कॉम्प्युटर घरात आला आणि तोही या घराच्या शिस्तीत बसवला गेला. तो इंटरनेटवरून सारखा खरी वेळ लावून घ्यायचा, म्हणून त्याचं तोंड बंद केलं. अशी अडचण शिकवणाऱ्या कुठल्या कोर्सला मी गेले नव्हते.

मी काकूंना समजावलं, की याला खरी वेळच लागते. त्या म्हणाल्या, मग हे एकटंच मागं राहणार का. मी म्हणाले, हो. शेवटी तडजोड झाली, भिंतीवरचं घड्याळ काकूंचं आणि कॉम्प्युटरचं सगळ्या जगाचं. मी ती सोय चालू केली आणि तारीख एका उडीत आजवर आली. दुकान उघडलं. गेम अजून चौथाई किमतीतच होता.

काकूंनी अंगणात हाक मारली. आण्णा आले, पण दारातच उभे राहिले.

विकत घ्यायच्या आधी मी एक गोष्ट तपासते. बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात. लिनक्सवर ते चालवायला मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. गेम विंडोजच्या भाषेत बोलतो आणि हा दुभाषा ते लिनक्सला समजावून सांगतो. सगळेच गेम या दुभाष्याला जुमानतात असं नाही. कुठला चालला, कुठला रुसला, हे लोक इंटरनेटवर लिहून ठेवतात. ते वाचल्याशिवाय गेम स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. हा चालत होता. आण्णांनी फोनवर पैसे भरले आणि गेम त्यांच्या नावावर झाला. सेल गाठला.

डाउनलोड होईपर्यंत काकूंनी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी. आण्णा जेवताना तीनदा उठून पडदा बघून आले.

गेम सुरू झाला, पण बस एका जागी गचके खात होती. हे माझ्या ओळखीचं दुखणं होतं. मी स्वतःशीच बोलावं तशी म्हणाले, "ड्रायव्हर जुना झालाय. काढून नवा टाकला की पळेल."

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. मी वळून बघितलं तेव्हा आण्णा जमिनीकडे बघत होते.

मी घाईघाईने सांगायला लागले, की ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्राम, चित्र काढणारं कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी करून देणारा. आम्ही त्याला ड्रायव्हरच म्हणतो, माणसाशी काही संबंध नाही. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग मिशीत पहिल्यांदा हसले.

"टाका की नवा," म्हणाले. "पर जुन्याला लगेच उतरवू नका. दोन दिस शेजारी बसवा. रस्ता त्याला ठावं असतोय."

नवा ड्रायव्हर टाकला, मशीन बंद करून चालू केलं. बस लोण्यासारखी पुढे सरकली. कीबोर्डच्या बाणांनी चालवायची असते हे मी दाखवलं आणि खुर्ची सोडली. आण्णांनी बसताना खुर्ची पुढे-मागे करून बघितली, आरसा कुठाय ते विचारलं. पहिल्याच वळणावर सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत अंगावर आल्या. गेम परदेशातला, तिथे उजवीकडून चालवतात. आण्णा आपल्या डाव्या बाजूने निघाले होते.

"ही मानसं उलट्या बाजूनं येत्यात," ते म्हणाले. शेवटी उजवीकडे गेले, पण दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून गेल्यासारखे अवघडून.

पहिला स्टॉप आला. बस अगदी कडेला, फुटपाथला लागून थांबली. दार उघडलं, माणसं चढली, दार लागलं. आणि बस हलेना. मी वाट बघितली. पडद्यावर सूचना यायला लागली, उशीर होतोय. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं.

"आण्णा, निघा ना. काय झालं?"

"बेल कुठं दिली?"

त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. अख्खी नोकरी कंडक्टरच्या बेलवर गेलेला माणूस, बेलशिवाय गाडी हलवणार नव्हता. मी सेटिंगमध्ये बेल शोधायला लागले. काकूंनी काही शोधलं नाही. फडताळावरचा स्टीलचा पेला उचलला आणि चमच्याने टण्ण केलं.

"एकच झाली," आण्णा म्हणाले. "ती थांबायची."

काकूंनी पेला नीट धरला. टण्ण टण्ण.

बस निघाली. टेबलाखाली आण्णांचा डावा पाय नसलेला क्लच दाबत होता, उजवा ब्रेकवर तयार होता. काकू स्टूल घेऊन मागे बसल्या, अगदी सीटवर बसावं तशा. एवढ्या वर्षांत त्या आण्णांच्या गाडीत ड्यूटीवर कधी बसल्याच नव्हत्या, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. पुढच्या प्रत्येक स्टॉपला पेला वाजला. मला खरंच फार बरं वाटलं, इतकं की डोळे पुसायला मी सेलचं पाकीट शोधत असल्याचं नाटक केलं.

भिंतीवरचं घड्याळ बघून माझी एसटी चुकणार म्हणून मी धावायला निघाले, तर काकू म्हणाल्या, सावकाश, ते पुढं आहे. आण्णांनी चपला घातल्या. स्टँडपर्यंत सोडतो म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

स्टँडवर बाकावर बसलेले दोघं-तिघं उठूनच उभे राहिले. आण्णा, एवढे दिवस कुठं होता, बसा की, चहा घ्या.

"चा घेतो. बसत न्हाई," आण्णा म्हणाले. "ड्यूटी हाय. सांजच्याला परत गाडी काढायचीय."

तेव्हापासून गिऱ्हाइकाने सेल संपला म्हटलं, की मी आधी विचारते, कुठला. उत्तर काहीही आलं तरी एक गोल सेल पर्समध्ये टाकते आणि मगच निघते.